चिचेन इत्सा एका दिवसात: आठ वाजता दारात पोचायचं कसं आणि आत फिरायचं कोणत्या क्रमानं

अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबं थँक्सगिव्हिंगला किंवा नाताळात मेक्सिकोतल्या कॅनकुनला जातात, आणि त्यातला एक दिवस चिचेन इत्साचे, म्हणजे प्राचीन माया लोकांच्या शहराचे, अवशेष बघण्यासाठी ठेवतात. परत आल्यावर बहुतेकांकडून मी एकच ऐकते: "ऊन फार, गर्दी फार, मुलं कंटाळली, आईचे पाय दुखले, पिरॅमिडसमोर फोटो काढला आणि आलो." जरा खोलात विचारलं की कळतं, ते दुपारी बारा-साडेबाराला आत शिरले होते.

माझी पहिली खेपही तशीच झाली. एका टूरच्या बसनं आधी दुकानात नेलं, मग पोहायला, मग जेवायला, आणि अवशेषांपाशी सोडलं ते भर दुपारी, दीड तासासाठी. दुसऱ्या खेपेला पुण्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन गेले, तेव्हा सगळा क्रम उलटा केला: आधी अवशेष, मग पाणी, मग जेवण. जागा तीच, पण दिवस अगदी वेगळा गेला. तो क्रम आणि त्यासाठी करायची तयारी इथे लिहिते आहे.

टप्पा १: दिवस निवडा, आदल्या रात्रीचा मुक्काम ठरवा

रविवार टाळा. त्या दिवशी मेक्सिकोच्या नागरिकांना सरकारी पुरातत्त्व स्थळांचं शुल्क माफ असतं, त्यामुळे स्थानिक कुटुंबांची मोठी गर्दी होते. २०-२१ मार्च आणि २२-२३ सप्टेंबरच्या आसपासचे दिवसही टाळा. विषुवाच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या, दिवसांत दुपार कलली की पिरॅमिडच्या उत्तरेकडच्या जिन्यावर सावलीचा साप उतरताना दिसतो आणि ते बघायला हजारो लोक जमतात. सापासाठीच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग पुढचा बेत लागू होणार नाही.

हवेचं म्हणाल तर नोव्हेंबर ते मार्च उत्तम. एप्रिल-मे म्हणजे विदर्भातल्या उन्हाळ्याची आठवण येईल असं ऊन, शिवाय हवेत दमटपणा. जून ते ऑक्टोबर पावसाचे महिने. तेव्हा सकाळ बरेचदा कोरडी मिळते आणि सरी दुपारी येतात, म्हणजे लवकर जाण्याला आणखी एक कारण.

मुक्कामावर बरंच काही अवलंबून आहे. कॅनकुनहून चिचेन इत्सा साधारण २०० किलोमीटर, अडीच तासांचा रस्ता. वायादोलिद हे छोटं, देखणं गाव मात्र तिथून जेमतेम ४५ किलोमीटरवर आहे. सोबत वयस्क माणसं किंवा लहान मुलं असतील तर आदल्या दुपारी वायादोलिदला जाऊन राहा, असंच मी सांगेन. पहाटे मुलांना उठवून गाडीत कोंबण्याचा त्रास वाचतो. डिसेंबर-जानेवारीत कॅनकुनहून निघालात तर पहिला तासभर अंधारात गाडी चालवावी लागते, तेही टळतं.

*सावधान:* चिचेन इत्सा आणि कोबा, तुलुम ही आणखी दोन माया स्थळं एकाच दिवसात "उरकून टाकू" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. दिवसाचा बहुतेक वेळ रस्त्यातच जाईल.

*व्हिसाचं एक:* चालू मुदतीचा अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीनकार्ड असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण एच-१बी वाल्यांनी पासपोर्टमधल्या शिक्क्याची तारीख बघून घ्यावी. नोकरीची मुदतवाढ मिळाल्याचा कागद मेक्सिकोच्या विमानतळावर शिक्क्याच्या जागी चालत नाही.

टप्पा २: घड्याळाचा घोळ आधीच मिटवा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कॅनकुन, प्लाया देल कार्मेन आणि तुलुम किंताना रू राज्यात येतात. चिचेन इत्सा आणि वायादोलिद युकातान राज्यात. किंताना रूचं घड्याळ युकातानच्या एक तास पुढे असतं, आणि ते वर्षभर. जुन्या माहितीत उन्हाळ्या-हिवाळ्याचा वेगळा हिशेब दिलेला आढळतो, तो आता लागू नाही. मेक्सिकोनं २०२२ पासून बहुतेक देशात घड्याळ मागेपुढे करणं बंद केलं आहे.

म्हणजे असं. कॅनकुनच्या घड्याळानं सव्वासहाला निघालात तर पावणेनऊला पोचाल, पण तिथे तेव्हा पावणेआठच वाजलेले असतील. दार आठला उघडतं. जाताना हा तास तुमच्या पदरात पडतो. येताना तो परत द्यावा लागतो, आणि त्याचा विसर पडला की संध्याकाळची बस, बोलावलेली टॅक्सी, क्वचित विमानसुद्धा चुकतं.

फोनवर विसंबू नका. राज्याच्या सीमेपाशी रेंज जाते-येते आणि फोन कधी या टॉवरची वेळ दाखवतो, कधी त्या. सोबतच्या एकानं तरी साधं मनगटी घड्याळ युकातानच्या वेळेला लावून ठेवावं.

*तपासा:* टूरवाला किंवा ड्रायव्हर कोणतीही वेळ सांगेल तेव्हा लगेच विचारा, "ओरा दे कॅनकुन ओ ओरा दे युकातान?" वेळ कॅनकुनची की युकातानची, एवढाच त्याचा अर्थ. बसच्या तिकिटावर सुटण्याची वेळ जिथून बस सुटते तिथली असते.

टप्पा ३: जायचं कसं

*स्वतःची भाड्याची गाडी.* आठला दारात पोचायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग. फलकांवर दोन शब्द दिसतील: 'कुओता' म्हणजे टोलचा रस्ता, 'लिब्रे' म्हणजे बिनटोलचा. जाताना कुओताच घ्या. टोल महाग आहे, पण रस्ता सरळ आणि मोकळा. लिब्रे रस्ता गावागावांतून जातो आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी 'तोपे', म्हणजे आपले गतिरोधक, असतात. काहींवर रंगाचा पट्टासुद्धा नसतो. वेगात असलात तर गाडीचा खालचा भाग आपटलाच म्हणून समजा.

पेट्रोलची टाकी आदल्या रात्रीच भरून ठेवा, टोलच्या रस्त्यावर पंप फार थोडे आहेत. भरताना काटा शून्यावर आहे ना, हे उतरून बघा. तिथे तसं बघणं आणि "सेरो?" असं विचारणं कुणाला खटकत नाही. गाडी भाड्यानं घेताना तिसऱ्या पक्षाचा विमा, म्हणजे तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा, मेक्सिकोत सक्तीचा आहे. इंटरनेटवर दिसणारी अगदी स्वस्त किंमत बरेचदा त्याशिवायची असते. गाडी घेताना काउंटरवर ती दुप्पट झाली की लोक हबकतात, म्हणून बुकिंग करतानाच विमा धरून आकडा बघा.

*वायादोलिदहून कोलेक्तिवो.* आपल्याकडच्या वडापसारखी ही गाडी असते: भरली की सुटते. बसस्थानकाजवळून मिळते, स्वस्त आहे. सात वाजता जाऊन उभे राहा.

*बस किंवा रेल्वे.* आडो कंपनीची बस आरामशीर आहे, पण कॅनकुनहून निघून आठच्या ठोक्याला दारात सोडेल अशी अपेक्षा ठेवू नका. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या त्रेन माया रेल्वेचं चिचेन इत्सा स्थानक अवशेषांना लागून नाही, तिथून पुन्हा वाहन लागतं. या बेतासाठी मी दोन्ही धरत नाही.

*टूर घ्यायचीच असेल तर* बुक करण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: अवशेषांच्या दारात किती वाजता पोचणार आणि आत किती तास मिळणार? साडेनवाच्या आत आणि किमान अडीच तास, असं उत्तर मिळालं तरच पैसे भरा.

टप्पा ४: आदल्या रात्री भरायची पिशवी

पेसो रोख घ्या, आणि सुट्टे. टोल, पार्किंग, स्वच्छतागृह, सेनोतेतलं (सेनोते म्हणजे चुनखडीतला खोल नैसर्गिक डोह) सामान ठेवायचं कपाट, सगळीकडे रोकड लागते. डॉलर घेतात, पण दर त्यांच्या मर्जीचा.

माणशी दीड लिटर पाणी, रुंद काठाची टोपी, आणि मळलेले चालतील असे पूर्ण बंद बूट. आत चार-पाच किलोमीटर चालणं होतं. जमीन सपाट आहे, पण खडी आणि झाडांची मुळं पायात येतात. चपला घालून आलेल्यांची बोटं ठेचाळताना मी पाहिली आहेत. वयस्कांसाठी घडीची काठी घ्या. जिने चढावे लागत नाहीत, त्यामुळे गुडघ्यांचं दुखणं असलेल्यांनाही ही जागा झेपते. आईनं बसत-उठत सगळं बघितलं.

पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि कोरडा जोड एका वेगळ्या पिशवीत घालून गाडीत ठेवा. दशम्या, खाकरे, चिवडा जे असेल ते गाडीतच खा, आत खाणं नेता येणार नाही असं धरून चाला. ड्रोनला बंदी आहे. कॅमेऱ्याचं तिपाई स्टँड खास परवानगीशिवाय चालत नाही, तेव्हा हॉटेलवरच ठेवा.

टप्पा ५: दारापाशी

अवशेषांजवळच्या पिस्ते गावाच्या आसपास कोणी रस्त्यात हात दाखवून गाडी थांबवली आणि "तिकीट इथेच, पार्किंग इथेच" म्हणाला, तरी थांबू नका. तिकीट खिडक्या मुख्य दाराशीच आहेत.

शुल्क दोन असतात: एक केंद्र सरकारच्या पुरातत्त्व संस्थेचं, दुसरं युकातान राज्याचं. परदेशी माणसाला दोन्ही मिळून सहाशे पेसोंच्या वर पडतात आणि रक्कम दरवर्षी वाढते. लोक एक तिकीट घेऊन फाटकाशी जातात, तिथून परत पाठवले जातात आणि पुन्हा रांगेत उभे राहतात. आठ वाजता रांग छोटी असते तेव्हा यात दहा मिनिटं जातात. अकराला अर्धा तास जातो.

*तपासा:* हातात दोन्ही शुल्कांच्या पावत्या आहेत? इंटरनेटवरून घेतलं असेल तर त्यात दोन्ही धरली आहेत? स्वच्छतागृहात जाऊन आलात? आता आत चला.

वाटाड्या घ्यायचा असेल तर गळ्यात ओळखपत्र असलेला घ्या. भाव माणशी नाही, पूर्ण गटाचा आहे, हे बोलून घ्या आणि किती वेळ देणार तेही. मुलं दहा वर्षांच्या वरची असतील तर वाटाड्याचे पैसे वसूल होतात. त्याहून लहान मुलांना तेच तेच ऐकून कंटाळा येतो.

टप्पा ६: आत फिरण्याचा क्रम

सूत्र एकच: उघड्यावरचं आधी, झाडीतलं शेवटी. मधल्या मोठ्या पटांगणात सावली नाही. कॅनकुनच्या बसगाड्या साडेदहा-अकराच्या सुमारास रिकाम्या होऊ लागतात. तोवर तुम्ही पटांगण सोडून दक्षिणेच्या झाडीत गेलेले असायला हवं.

८:०० – कास्तियो. सरळ मोठ्या पिरॅमिडकडे जा, वाटेत मूर्ती मांडणाऱ्यांपाशी रेंगाळू नका. पश्चिमेकडून आत आल्यावर सूर्य पिरॅमिडच्या मागे असतो, त्यामुळे समोरून काढलेला फोटो काळपट येतो. वळसा घालून ईशान्य कोपऱ्यात जा. तिथून उत्तरेचा जिना, पायथ्याची दोन सापांची डोकी आणि त्यावर पडलेलं कोवळं ऊन एकदम मिळतं. पहिली वीस मिनिटं चौकटीत माणूस येत नाही.

मग उत्तरेच्या जिन्यासमोर थोडं लांब उभं राहून एकच जोरात टाळी वाजवा. जिन्यावरून परतणारा आवाज टाळीचा नसतो, पक्ष्यानं चिवचिवावं तसा घसरत येतो. क्वेत्झाल पक्ष्याच्या आवाजाशी त्याचं साम्य सांगतात. बाबांनी पाच वेळा टाळी वाजवली आणि पाचही वेळा मागे वळून पाहिलं. दहानंतर गर्दीत हा आवाज नीट ऐकू येत नाही.

चढायला मात्र पूर्ण बंदी आहे, आतला जिनाही बंद आहे. "आमचा मित्र चढला होता" हे जुन्या काळचं. पायऱ्या मोजायच्या असतील तर खालूनच: चार बाजूंना ९१ प्रमाणे ३६४, आणि माथ्यावरच्या देवळाची एक धरून ३६५.

८:३० – चेंडूचं मैदान. वायव्येला. लांबी १६८ मीटर, मेसोअमेरिकेतलं, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या प्राचीन संस्कृतींच्या प्रदेशातलं, सर्वांत मोठं. लोक वरची दगडी कडी बघतात आणि निघून जातात. तुम्ही भिंतीच्या पायाशी, तिरप्या कठड्यावरच्या कोरीवकामाजवळ या. दोन्हीकडून खेळाडूंची रांग मध्यभागी येते, आणि मधोमध एक खेळाडू गुडघ्यावर बसलेला दिसतो, शीर नसलेला. त्याच्या मानेतून रक्ताच्या धारा निघतात आणि त्या धारांचे साप झालेले असतात. समोरच्या खेळाडूच्या एका हातात दगडी पातं, दुसऱ्यात ते शीर. सकाळी ऊन तिरपं पडतं तेव्हा हे उठून दिसतं, डोक्यावर सूर्य आला की कोरीवकाम सपाट वाटतं. इथे पाच मिनिटं जास्त द्या.

९:०० – बाजूलाच त्सोम्पान्तली, कवट्यांच्या रांगा कोरलेला चौथरा. शेजारी गरुड-जग्वारचा आणि शुक्राचा चौथरा. हे चालता चालता होतं.

९:१५ – पवित्र सेनोते. उत्तरेला मायांनी बांधलेल्या जुन्या रस्त्यानं सुमारे ३०० मीटर. दोन्ही बाजूंना विक्रेते असतात. जग्वारच्या डरकाळीची शिट्टी इथूनच सुरू होते, आणि मुलं ती मागतातच. घ्यायची असेल तर परतीच्या वाटेवर घ्या. टोकाला सुमारे ६० मीटर रुंदीचा खोल, हिरवट पाण्याचा डोह आहे. इथे उतरायचं नसतं, हा बळी आणि दानाचा डोह. पोहायचा सेनोते वेगळा, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

९:४५ – योद्ध्यांचं देऊळ आणि हजार खांब. दोरीबाहेरून बघायचं. खांबांवर कोरलेले योद्धे जवळून बघा.

१०:१५ – दक्षिणेचा भाग. बहुतेक टूर इथपर्यंत येतच नाहीत, आणि मला हाच भाग सगळ्यात आवडतो. वाट झाडांखालून जाते. आधी ओसारिओ हा लहान पिरॅमिड, मग एल काराकोल, गोल मनोऱ्याची वेधशाळा. आणखी पुढे लास मोन्हास ही मोठी इमारत आणि तिला लागून ला इग्लेसिया ही इटुकली इमारत. तिच्या कोपऱ्यांवर लांब, वळलेल्या नाकाचे मुखवटे आहेत. आपल्या डोळ्यांना ती चटकन सोंड वाटते. माझी मुलगी "बाप्पा!" म्हणून ओरडलीच. तो चाक, मायांचा पावसाचा देव. जिथे नदी नाही आणि पाणी फक्त जमिनीखाली आहे, तिथे पावसाच्या देवाला भिंतभर जागा का दिली, हे त्या कोरड्या चुनखडीवर उभं राहिलं की समजतं.

*तपासा:* साडेअकरापर्यंत बाहेर आलात? कोणाचं डोकं दुखतंय, कोणी गप्प गप्प झालंय? मग सावलीत बसवा, पाणी आणि चिमूटभर मीठ-साखर द्या आणि सेनोतेचा बेत सोडून द्या. पाण्यानं बरं वाटेल म्हणून उन्हानं भोवंडलेल्या माणसाला खोल पाण्यात उतरवू नका.

टप्पा ७: पोहायचा सेनोते

इक किल सर्वांत जवळ, तीनेक किलोमीटरवर. जमिनीपासून सुमारे २६ मीटर खाली पाणी, वरून लोंबणाऱ्या वेली, दृश्य भव्य. पण टूरच्या बसगाड्या इथेही येतात. वेळ असेल तर मी उलट्या दिशेला, वीसेक मिनिटांवरच्या योकझोनोतला जाते. तो गावातल्या बायकांनी मिळून सांभाळलेला आहे, शांत आहे.

उतरण्याआधी अंघोळ सक्तीची आहे आणि ती खरोखर करायची आहे. सनस्क्रीन, डास पळवणारं मलम, केसांचं तेल सगळं धुऊन टाका. हे पाणी जमिनीखालून एकमेकांना जोडलेलं आहे, एका डोहातली घाण दुसरीकडे जाते. आणि म्हणूनच सकाळी सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालणं सोयीचं.

*सावधान:* पाणी कित्येक मीटर खोल आहे, कडेला पाय टेकत नाहीत. उत्तम पोहणाऱ्यानंही लाइफ जॅकेट घालावं. पायऱ्या ओल्या असतात, वयस्कांनी कठडा धरूनच उतरावं.

टप्पा ८: जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांचं

वायादोलिदला जेवा. पाऊणच्या सुमाराला सेनोतेतून निघालात तर दीडपर्यंत गावात पोचता.

नुसतं "सिन कार्ने" म्हणू नका. कार्ने म्हटलं की बरेचजण फक्त लाल मांस समजतात आणि कोंबडी घालून आणतात. पूर्ण म्हणा: "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका." मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, डुकराची चरबी नको. शेवटचा शब्द महत्त्वाचा, कारण घोटलेला घेवडा बरेचदा चरबीत परततात. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, तेही विचारा: "काल्दो दे पोयो?"

सिकिल पाक मागवा. भोपळ्याच्या भाजलेल्या बिया आणि टोमॅटोची चटणी, मक्याच्या टोर्टियाबरोबर. कारळ्याच्या चटणीची सवय असलेल्या जिभेला ती लगेच आपली वाटते. अंडं चालत असेल तर पापाद्झुलेस, म्हणजे उकडलेलं अंडं भरलेल्या टोर्टिया. हाबानेरो मिरचीची चटणी मात्र आधी चमच्याच्या टोकावर घेऊन बघा, ती ठेच्याच्या पुढची आहे.

टप्पा ९: परत निघणं

कॅनकुनला डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारायला लागतं. वायादोलिदहून दोन तास धरा. म्हणजे उजेडात पोचायचं तर युकातानच्या घड्याळानं तीनला निघायलाच हवं, कारण तेव्हा कॅनकुनला चार वाजलेले असतात. उन्हाळ्यात तासभर जास्त मिळतो. अंधारात लिब्रे रस्ता घेऊ नका: दिवे नसतात, सायकली आणि कुत्री रस्त्यावर असतात, तोपे दिसत नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळचं विमान ठेवू नका. किंताना रूमध्ये शिरलात की मनगटावरचं घड्याळ एक तास पुढे करा.